करंजपाटीहून आम्ही चौघे परतलो

१

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही चौघे जळगावात लताबाईंच्या माडीवरच्या एका खोलीत राहत होतो. खोली इतकी लहान की तिघे आडवे झाले की चौथ्याला दार उघडता येत नसे. मी, अभिमन, धुळ्याचा. एका छापखान्यात खिळे जुळवायचो. भिकन एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. तोताराम सावद्याचा, घरी केळीची बाग असूनही बापाशी भांडून कॉलेजात लॅबोरेटरीच्या काचा धुवायला आलेला. आणि हिलाल भडगावचा. तो कोर्टात पट्टेवाला होता.

हिलालचं काम पुकाऱ्याचं. साहेबांनी कागद पुढे केला की व्हरांड्यात यायचं आणि वादी-प्रतिवादींची नावं तीनदा पुकारायची. त्याचा आवाज काय सांगू! कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबावरचे कावळे उडायचे म्हणत. रविवारी सकाळी तो खोलीतूनच ओरडायचा, "लताबाई, चहा... हाजिर हो!" आणि खालून लताबाई झाऱ्या आपटून म्हणायच्या, "मेल्या, माझं नाव कोर्टात नको नेऊ!" तरी चहा यायचा. साखर जास्त घातलेला.

घराची आठवण आली किंवा जीव भरून आला की हिलाल आपोआप अहिराणीत बोलायला लागायचा. एरवी आमच्यासारखंच, शहरातलं. आम्ही त्याला चिडवायचो. तोताराम सर्वांत जास्त चिडवायचा, कारण त्या दोघांचं सर्वांत जास्त जमायचं. एकाच ताटात जेवायचे. भांडण झालं तरी ताट एकच. मग दोघं दोन बाजूंना तोंड करून जेवायचे.

मार्गशीर्षात आमची एक ठरलेली सहल असे. शनिवारी रजा टाकायची, सातपुड्यात कुठेतरी जायचं, भरीत खायचं आणि रविवारी संध्याकाळी परत. त्या वर्षी तोतारामने करंजपाटीचा बंगला ठरवला. जंगलखात्याची जुनी दोन खोल्यांची इमारत. त्याच्या मामाच्या ओळखीने चिठ्ठी मिळाली होती.

२

सकाळच्या एसटीने निघालो. तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. खिडकीतून ओल्या मातीचा गार वास यायला लागला. यावलला उतरलो. तोताराम आदल्या दिवशीच सावद्याला गेला होता. तो स्टँडवर पोतं घेऊन उभा. पोत्यात बामणोदची हिरवी वांगी, आईने बांधून दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, आणि एका बरणीत कच्चं तेल.

"बापाशी बोललास का?" भिकनने विचारलं.

"वांगी त्यांनीच तोडून दिली. बोलले काही नाहीत. पण निवडून निवडून तोडली."

दुसऱ्या गाडीने पायथ्याच्या गावी, आणि तिथून दोन तास चढण. सागाची पानं रस्ताभर वाळून पडलेली. चालताना पापड मोडल्यासारखा आवाज. हिलाल पुढे, पोतं डोक्यावर, वाटेतल्या प्रत्येक झाडाला काल्पनिक खटल्यात पुकारत चाललेला. "साग विरुद्ध सालई... हाजिर हो!" आम्ही हसून हसून दोनदा खाली बसलो.

बंगल्यावर छगन आबा म्हणून राखणदार होते. साठीचे, धुळ्याकडून जंगलखात्याच्या कामाला आलेले ते तिथंच राहिले. हिलालचं बोलणं ऐकून त्यांनी डोळे बारीक केले.

"आपला मुलूखना शे का रे तू?"

"भडगाव, आबा."

म्हातारा एवढा खूश झाला की त्याने स्वतःच कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला. वांगी काळी होईस्तोवर भाजली, सोलली, लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचली. दुपारी दोन वाजता सागाच्या पानांवर आम्ही जे जेवलो तसं पुन्हा कधी जेवलो नाही. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. नंतरही भरीत पुष्कळ खाल्लं.

३

जेवणानंतर आबांनीच सांगितलं की बंगल्यामागे शंभर पावलांवर कडा आहे, समोर दुसरा डोंगर, मध्ये खोल घळ. हाक मारली की परत येते. आम्ही लहान पोरांसारखे धावत गेलो.

भिकनने आधी स्वतःचं नाव ओरडलं. समोरून "भिकन" आलं, आणि मागाहून आणखी एकदा, बारीक. मग मी. मग तोतारामने सावद्याकडची एक ठेवणीतली शिवी हासडली. डोंगराने ती आदराने परत केली.

"आता बाजूला व्हा," हिलाल म्हणाला. "आता सरकारी पुकारा."

त्याने छाती भरून घेतली आणि स्वतःचंच नाव पुकारलं. माझ्या कानाचे पडदे थरथरले. आम्ही वाट पाहिली.

काहीच आलं नाही.

"वारा फिरला असेल," भिकन म्हणाला.

हिलालने पुन्हा हाक मारली. आणखी मोठ्याने. घळ तशीच. सागाचं एक पान देठावर फिरत होतं, तेवढंच. मी म्हटलं, जागेचा दोष असेल, माझ्या जागी उभा राहा. तो माझ्या जागी उभा राहिला. नाही. मी त्याच्या जागी उभा राहून "हिलाल" ओरडलो, तर ते चोख परत आलं. तोताराम ओरडला, आलं. हिलाल ओरडला की ओरडणं जिथं जायचं तिथंच राहायचं.

मी शाळेत शिकलेलं आठवायचा प्रयत्न केला. आवाजाचा वेग, अंतर, कठीण पृष्ठभाग. आवाज फार जाड असेल तर पसरत असेल, असं काहीतरी मी बोललो.

"डोंगरालाही कोर्टाची भीती," तोताराम म्हणाला. आम्ही हसलो. हिलालही हसला. पण परतताना तो सर्वांत मागे होता आणि घसा खाकरून बघत होता. जिना चढून झाल्यावर माणूस खिसे चाचपतो तसा.

संध्याकाळी मी ही गंमत आबांना सांगितली. ते जाळात पऱ्हाट्या सारत होते. त्यांचा हात थांबला.

"कोनना आवाज परत ऊना नई?"

मी हिलालकडे बोट केलं.

आबांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग इतकंच म्हणाले, "उद्या कडावर जावू नका कोनी." आम्ही कारण विचारलं, तेव्हा धुकं असतं, पाय घसरतो, म्हणाले. हे कारण खरंच होतं. दुसऱ्या दिवशी धुकं होतंच.

४

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दमलो होतो, मेल्यासारखे झोपलो.

सकाळी आठ-साडेआठ झाले असतील. मी आणि भिकन ओट्यावर चहा घेत होतो. समोरची सागाची झाडं कमरेपर्यंतच दिसत होती, वरचं सगळं पांढरं. तोताराम आणि हिलाल दोघंही आसपास नव्हते. हिलाल मागे चुलीपाशी आबांना पाणी तापवायला मदत करत असेल, तोताराम झाडीकडे गेला असेल, असं धरून चाललो होतो.

तेवढ्यात घळीतून हिलालचा आवाज आला.

"तोताराम... तोताराम..."

कोर्टातल्यासारखा मोठा नव्हता. माणूस अडचणीत असताना मारतो तशी हाक. मग स्पष्ट शब्द आले. "मी आठे शे रे भाऊ... मन्हा पाय अडकना... हात दे..."

त्याला उत्तर म्हणून तोतारामचा आवाज आला. तो बराच खाली होता. "आलो रे! हलू नको, आलो!"

भिकनने कप ठेवला. "आबा नको म्हणाले होते ना कड्याकडे," एवढं तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला. मीही उठलो. आम्ही ओट्यावरून उतरलो आणि कोपऱ्यावरून हिलाल आला. दोन्ही हातांत गरम पाण्याची बादली, गळ्याला टॉवेल.

"कोण ओरडतंय?" त्याने विचारलं.

आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. खालून पुन्हा आलं, "ये रे तोताराम..."

हिलालने बादली खाली ठेवली. सांडू नये म्हणून अगदी हळू ठेवली, हे मला नीट आठवतं. त्याचं तोंड मिटलेलं होतं. आणि आवाज येतच होता.

५

कड्यावर पोहोचलो तेव्हा खाली दहा हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, कालचा आवाज असेल, अडकलेला, आता सुटला असेल. बोलताना माझं मलाच कळत होतं की हिलालने काल "पाय अडकला" म्हटलं नव्हतं.

हिलालने तोंडाभोवती हात धरले. "तोताराम! मी वर आहे! वर ये!"

खालून त्याच आवाजात, "तोताराम! मी आठे शे! खाले ये!"

मध्येच कुठेतरी तोताराम हसला. "अरे मेल्या, एका जागेवरून बोल ना! पाय अडकलाय का माकड झालास?"

"तोताराम, शपथ आहे तुला, मी अभिमन आणि भिकनबरोबर वर उभा आहे!"

"तोताराम, शपथ शे तुले... मी एकला शे..."

मग तोताराम हसायचा थांबला. आम्ही नावं घेऊन ओरडलो, भिकन ओरडला, मी ओरडलो, पण आमच्या हाका समोरच्या डोंगराला लागून खालूनही यायच्या, तेव्हा त्यांचा उपयोग नव्हता. हिलाल एकामागून एक गोष्टी ओरडायला लागला. खोलीतल्या. लताबाईंचा चहा, एकच ताट, तोतारामने गादीखाली लपवलेलं बापाचं पत्र. आणि दर वेळी खालून तेच यायचं, थोडं मागाहून, अहिराणीत, जास्त मायेनं. बापाच्या पत्राचं मात्र खालून आधी आलं. हिलालचं तोंड नुसतं उघडलं होतं.

त्याने माझा दंड धरला.

"मी बोललो की तेही बोलतं," तो कुजबुजला. "मी आता गप्प राहतो. खाली जातो."

मागून छगन आबा आले होते. ते म्हणाले, "त्याले एकलं सोडू नका." भिकनला वर ठेवून मी हिलालच्या मागे उतरलो.

६

वाट म्हणजे पावसाळ्यात पाणी जाण्याची खाच होती. दगड दवाने ओले. दोन्ही बाजूंना बांबू. हिलाल पुढे, मी मागे, त्याच्या टॉवेलाचं टोक धरून. काही अंतर गेल्यावर माझा पाय सटकला आणि टॉवेल हातातून निसटला. मी सावरून उभा राहिलो तेव्हा हिलाल बांबूंच्या पलीकडे गेला होता. मी हाक मारली नाही. कोणतं उत्तर येईल याची धास्ती होती. वीस-पंचवीस पावलं मी नुसत्या त्याच्या पायांच्या आवाजावर चाललो. एका ठिकाणी तो आवाजही थांबला, मग परत सुरू झाला.

खालच्या हाकाही बंद झाल्या होत्या.

बांबू संपले तिथे एक सपाट, काळा खडक होता. खडकाला मध्ये भेग, माणूस आडवा मावेल एवढी. तोताराम तिच्या कडेला पालथा पडला होता आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत भेगेत गेला होता. तो खालच्याशी बोलत होता, आजाऱ्याशी बोलावं तसं. "धर, नीट धर. सोडत नाही मी."

हिलाल त्याच्यापाशी पोहोचला होता. तो वाकला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तोताराम."

तोतारामने मान वळवली. हिलालला पाहिलं. मग पुन्हा भेगेत पाहिलं. मग हिलालला. त्याच्या चेहऱ्याचं मी वर्णन करणार नाही.

हिलालने त्याला मागे ओढलं तसा त्याचा हात भेगेतून वर आला. मनगटापर्यंत. त्या मनगटाभोवती चार बोटं होती. ओली, नखांत माती. ती झटकन सुटली नाहीत. एक सुटलं, मग दुसरं. भेगेच्या काठावर क्षणभर टेकली आणि एकेक करून आत गेली.

मी वाकून पाहिलं नाही. मला कोणी भित्रा म्हटलं तर म्हणो. तीन पावलं पुढे गेलो असतो तर आज माझ्याकडे उत्तर असतं.

आम्ही दोघांनी तोतारामला मध्ये धरून वर आणलं. वर भिकन रडत होता, आबा उभे होते. आबांनी सगळ्यांना तांब्याने पाणी दिलं. हिलालला देताना त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ, आणि मग दिलं.

७

दुपारच्या गाडीने परतलो. यावलच्या स्टँडवर हिलालने तोतारामसाठी भजी आणली आणि कागद त्याच्या पुढे धरला. तोताराम म्हणाला, भूक नाही.

त्यानंतर ताट एक राहिलं नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. तोताराम हिलालशी नीट बोलायचा, जास्तच नीट. झोपताना मात्र माझ्या पलीकडे अंथरूण घालायचा. पुढच्या होळीला तो सावद्याला बापाकडे परत गेला. लताबाई त्याला गाडीत बसवून आल्या आणि आमच्यावर चिडल्या. "काय केलंत रे त्या पोराला?" हिलाल खिडकीत उभा होता. तो म्हणाला, "मी तर त्याला वर आणलं, लताबाई." त्यांना काय कळणार.

मीही हिलालला तपासत राहिलो, हे कबूल करतो. सुरुवातीचं एक वर्ष तर चोरासारखा. तो चहात साखर किती घालतो, नखं कशी कापतो, झोपेत काय बडबडतो. सगळं पूर्वीसारखं होतं. कोर्टात तो तसाच पुकारायचा, कावळे तसेच उडायचे. नव्वदला त्याचं लग्न झालं. सुनंदाबाईंशी तो घरी अहिराणीतच बोलतो. छापखाना बंद पडून मी धुळ्याला परतलो तेव्हा तिथे येऊन महिनाभर माझ्या नोकरीसाठी दारोदार फिरला तो हाच हिलाल. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात तिला उचलून दवाखान्यात नेलं तेही यानेच. कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

तोताराम लग्नाला आला नव्हता.

८

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात तोतारामच्या बायकोचं पत्र आलं. कावीळ पोटात उतरली होती. मी एकटाच सावद्याला गेलो. मागच्या पडवीत खाटेवर होता तो, पिवळा, अर्धा झालेला. बाहेर केळीच्या पानांवर पाणी वाजत होतं. बायको काढा आणायला आत गेली, तसा त्याने विचारलं.

"अभिमन, उतरताना तू पूर्ण वेळ त्याच्याबरोबर होतास?"

"होतो," मी म्हणालो. "टॉवेल धरून."

"एकदाही सोडला नाहीस?"

"नाही."

मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो. का, ते सांगता येत नाही. त्याला शांत वाटावं म्हणून असेल. किंवा मला.

तोतारामने छताकडे पाहिलं. "तो हाका मारायचा थांबला होता ना," तो म्हणाला, "तेव्हा रडत होता. हळू. मला एकट्याला ऐकू येईल एवढंच. म्हणत होता, माले सोडीसन जाऊ नको. मी त्याला सांगितलं होतं, सोडत नाही." त्याने उजवा हात चादरीखालून काढला आणि छातीवर ठेवला. "आणि मग मी सोडला."

बायको काढा घेऊन आली. पुढे आम्ही केळीच्या भावावर बोललो.

पाचव्या दिवशी तो गेला.

अंत्ययात्रेला भिकन आला, बदली होऊन भडगावच्या कोर्टात गेलेला हिलालही आला. हिलाल लाकडं रचायला लागला, तोतारामच्या म्हाताऱ्या बापाला धरून उभा राहिला आणि अग्नी दिल्यावर असा हमसून रडला की लोक मला विचारायला लागले, हा भाऊ का?

जळगावच्या गाडीत आम्ही दोघं शेजारी बसलो. पाऊस थांबला होता. फैजपूर मागे पडलं तेव्हा त्याने खिडकीबाहेर बघतच विचारलं.

"तू त्याला भेटून आलास म्हणे. काही बोलला का तो?"

"नाही रे. शुद्धच नव्हती."

"मग बरं," हिलाल म्हणाला.

थोड्या वेळाने त्याला डुलकी लागली. लताबाईंच्या खोलीत थंडीत लागायची तशीच, तोंड किंचित उघडं, आणि डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं. त्याचे केस आता कानशिलांवर पिकायला लागले होते. मला एकाएकी हिलालची फार आठवण आली. तो तर माझ्या खांद्यावरच झोपला होता.

जळगाव येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.